संशयित इसम, वय अंदाजे साठ

शेरा: पत्ता बदलला आहे

थॅडियस गेन्सने हेदरस्टोन वसाहतीत एकतीस वर्षं टपाल वाटलं आणि बत्तिसाव्या वर्षी तो तिथेच राहायला गेला. इथेच चुकला.

त्या वेळी त्यात चुकण्यासारखं काही दिसलं नव्हतं. स्वीटगम लेनवर एक्केचाळीस नंबरला मिसेस पीबल्स एकट्या राहायच्या. गुडघे गेले तेव्हा मुलगा त्यांना फ्लोरिडाला न्यायला आला. त्या थॅडियसला म्हणाल्या, "माझ्या पत्रपेटीपर्यंत तू रोज येतोसच. आता आणखी वीस पावलं पुढे ये." व्यवहार झाला. मध्ये दलाल नव्हता म्हणूनच झाला, असं थॅडियसच्या बायकोचं, व्हर्लीनचं मत होतं. व्हर्लीन चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पाचशे पोरांच्या गोंगाटावर चढणारा आवाज आणि कुणाच्याही गोड बोलण्यावर न बसणारा विश्वास, असं दोन्ही तिने तिथून निवृत्त होताना घरी आणलं होतं.

थॅडियस नाताळच्या गर्दीत निवृत्त झाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने तरी कुणाला काय सांगायचं? एकतीस वर्षांची ओळख. आपण राहायला आलो की कळेलच लोकांना, असं त्याने धरून चाललेलं.

मार्चमध्ये त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, "रोज दोन मैल चालायचं. नाही चाललात तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, सरळ तुमच्या पाद्रीबाबांकडे जा."

दोन मैल म्हणजे किती, हे थॅडियसला एकाच रीतीने ठाऊक होतं. बारा नंबरपासून निघायचं, तळ्याला वळसा, स्वीटगम लेन, मागचा चढ, आणि परत. त्याचीच टपाल वाटायची वाट. पायांना विचारावंही लागत नव्हतं.


हेदरस्टोन – दक्ष शेजारी (सभासद २१२)

मार्सी, १२ नंबर: सकाळी ७.४०. स्वीटगम लेनवर एक इसम. वय अंदाजे साठ. करडा टोपीवाला स्वेटशर्ट. प्रत्येक पत्रपेटीकडे बघत चाललाय. कुणी ओळखतं का?

ब्रॅड, ९ नंबर: उंच?

मार्सी: उंचच म्हणायचा.

ब्रॅड: म्हणजे आपल्यातला नाही.

मार्सी: मी असं काही म्हटलेलं नाही. मी फक्त स्वेटशर्टचा रंग सांगितला.

ब्रॅड: समजलं. पोलिसांना फोन केला.

लॉरी, २२ नंबर: त्याने मला हात केला.

मार्सी: कशाला?

लॉरी: माहीत नाही. मी दार लावून घेतलं.


शेरा: या पत्त्यावर या नावाचे कोणी नाही

तो काळा आहे, असं त्या ग्रुपवर कुणी कधीच लिहिलं नाही. हेदरस्टोनमध्ये वर्णभेद अजिबात नव्हता. स्वेटशर्टभेद तेवढा होता.

पहिल्यांदा पोलीस आले ते गाडीतूनच बोलले. दुसऱ्यांदा खाली उतरले. तिसऱ्यांदा ऑफिसर टिल्मन नावाचा चोविसेक वर्षांचा पोरगा आला आणि त्याने थॅडियसला "सर" म्हटलं. पोलीस "सर" म्हणायला लागले की हात कुठे आहेत ते आधी बघायचं, हे थॅडियसला बापाने सातव्या वर्षी शिकवलं होतं.

"सर, इथे काय करताय?"

"चालतोय."

"कुठे?"

"कुठेच नाही. चालायचं आणि परत यायचं."

"म्हणजे काही कारण नाही."

"आहे. हृदय."

"सर, हात खिशातून बाहेर. फुटपाथच्या कडेवर बसा."

थॅडियस बसला. मी इथेच राहतो, हे त्याने दोनदा सांगितलं. टिल्मनने दोनदा मान हलवली. चालायला निघताना पाकीट घ्यायची सवय थॅडियसला नव्हती. एकतीस वर्षं त्याच्या छातीवर नाव लिहिलेलं असायचं. गाडीच्या यंत्रावर पत्ता लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात मार्सीबाईंच्या हिरवळीवरचा फवारा सुरू झाला. तो गोल फिरायचा, थॅडियसला भिजवायचा, पुढे जायचा आणि परत यायचा. सरकता येत नव्हतं. सरकणं म्हणजे हालचाल, आणि हालचालीचा अर्थ चोवीस वर्षांच्या पोरावर सोडायचा नसतो.

घरी आल्यावर व्हर्लीनने त्याची ओली पँट दोरीवर टाकली.

"उद्यापासून घरात चाल," ती म्हणाली. "हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून हॉल. दोनशे फेऱ्या मार."

"घर राहायला घेतलं की चालायला?"

"जिवंत राहायला घेतलं. एक महिना, थॅड. महिन्याभरात हे थांबलं नाही तर विकायचं आणि आपल्या जुन्या गल्लीत परत जायचं. तिथे तुला बघून कुणी फोन करत नाही, केलाच तर जेवायला ये म्हणून करतं."

"मी या रस्त्यावर एकतीस वर्षं चाललोय."

"पोतं घेऊन चालत होतास. गाढवाला कुणी विचारत नाही कुठे चाललास. पाठीवरचं ओझं काढलं की विचारतात."

दहा दिवस तो घरात चालला. दिवाणाला वळसा, फ्रिजला वळसा. घोटे सुजले. जिना चढताना मध्ये थांबायला लागला. खिडकीतून तो वसाहत बघायचा. ब्रॅड धावत होता, लॉरी कुत्र्याला फिरवत होती, कुत्रं ज्याच्या त्याच्या गवतावर बसत होतं. त्या कुत्र्याबद्दल कुणीही पोलिसांना कळवलं नव्हतं.


शेरा: मार्फत

दर गुरुवारी नऊ वाजता विल्मर आर्गेता बारा नंबरला यायचा. मूळचा एल साल्वादोरचा, इथे चौदा वर्षं. मार्सीबाईंच्या घरापुढचं झुडपांचं कुंपण तो असं कापायचा की वर चहाचा कप ठेवला तरी हलू नये. नंतर एक्केचाळीसच्या सावलीत बसून डबा खायचा, कारण मिसेस पीबल्स बसू द्यायच्या आणि आता थॅडियस बसू देत होता.

"डॉन टाडेओ," तो त्या दिवशी पुपुसाचा तुकडा मोडत म्हणाला; त्याच्या स्पॅनिशमध्ये थॅडियसराव म्हणायचं तर असंच. जाड भाकरीत चीज भरलं की पुपुसा होते, आणि विल्मरची बायको एक जास्तीची देत असे. "तुमचं काय चुकतं सांगू? तुम्ही काम न करता चालता."

"मी निवृत्त झालोय."

"ते त्यांना कसं दिसणार? निवृत्त माणसाकडे गोल्फची काठी असते नाहीतर छोटं पांढरं कुत्रं. हे माझं पिवळं जाकीट बघा. हे चढवलं की मी माणूस नसतो, यंत्राची मूठ असतो. परवा बाई माझ्यासमोर उभ्या राहून फोनवर सांगत होत्या, सगळ्या परदेश्यांना उचलून बाहेर टाका म्हणून. मध्येच मला म्हणाल्या, विल्मर, डावीकडून जरा कमी कर."

"मग मलाही एक जाकीट आणून दे."

विल्मर हसला नाही. "जाकीट आता बाधायला लागलंय. आधी ते बघून लोक नजर काढून घ्यायचे. आता तेच बघून गाड्या थांबतात. मला इथे राहू द्यायचं की नाही, त्याची कोर्टाची तारीख माझ्याकडे आहे, दोन वर्षांनंतरची. पण हल्ली आधी माणूस उचलतात, कागद नंतर वाचतात. कुणी माग काढू नये म्हणून मी घरून निघतानाच फोन बंद करतो." त्याने हात पुसले. "तुमचं बरं आहे. तुमचा गणवेश सरकारी आहे. कपाटात असेल ना अजून?"


शेरा: टपाल पूर्ववत सुरू

व्हर्लीनने इस्त्री करून दिली, पण तोंड चालूच होतं.

"सरकारचे कपडे घालून सरकारलाच फसवायचं. तुरुंगात मी डबा आणणार नाही."

"बिल्ला उसवलाय मी. उरला फक्त निळा शर्ट. निळा शर्ट घालायला बंदी नाही."

"पट्टीची अर्धी चड्डीही घालणार?"

"त्याशिवाय पटायचं नाही."

पासष्टीचा माणूस निळी अर्धी चड्डी, लांब मोजे आणि उन्हाची टोपी घालून सकाळी साडेसातला बाहेर पडला. खांद्याला रिकामी पिशवी.

ब्रॅडने धावता धावता हात वर केला. "काय रे, सुट्टीवर होतास वाटतं."

लॉरीच्या कुत्र्याने हात चाटला. लॉरीने तीन पाकिटं हातात दिली. ती न घेणं थॅडियसला जमलं नाही. एकतीस वर्षांत त्याने कुणाचं पत्र परत केलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने ती टाकली.

सात नंबरच्या म्हाताऱ्याने त्याला थंड पाणी दिलं.

सतरा नंबर: "गेल्या आठवड्यात माझं मासिक ओलं आलं." थॅडियसने माफी मागितली.

आणि बारा नंबर. मार्सी हॉलब्रूक, वसाहतीच्या सोसायटीच्या अध्यक्ष, कुंपणापाशी कॉफीचा मग घेऊन उभ्या होत्या. त्या त्याला एकतीस वर्षं थिओ म्हणत आल्या होत्या.

"थिओ, बरा आलास. हल्ली इथे एक भयंकर माणूस फिरतो. तू रोज असतोस, जरा नजर ठेव."

"ठेवतो, मॅडम."

"तुला दिसला का?"

"दिसतो कधीकधी. दाढी करताना."

मार्सीबाई हसल्या. त्यांनी ऐकलं नव्हतं. "आणि हे सांग, एक्केचाळीसमध्ये कोण आलंय? दारं बंद असतात. लाजाळू दिसतात."

"गेन्स म्हणून आहेत. वयस्क जोडपं."

"चांगली आहेत का माणसं?"

थॅडियसने विचार केला. "बाई चांगली आहे," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा व्हर्लीन एवढी हसली की ओट्याला धरून बसली. मग हसू थांबलं, आणि थांबलं तसं चेहऱ्यावरून सगळंच उतरलं.

"थॅड, आपण राहतोय हे त्यांना टपालवाल्याकडून कळलं."

"कळलं ना पण."

"मी हे घर घेतलं तेव्हा पडदे निवडले होते. नोकराची चड्डी घालून नवरा पडद्यामागे लपवावा म्हणून नव्हते निवडले."

त्याचा दम परत आला होता, घोट्यांची सूज उतरली होती. माणूस कशाकशाची किंमत देतो याचा हिशेब छातीच्या आतल्या गोष्टीला कळत नाही. ती आपली धडधडत राहते.

खरं टपाल दुपारी यायचं. शँटेल नावाची सव्वीस वर्षांची पोरगी, कंबरेपर्यंत वेण्या. तिने पहिल्याच दिवशी गाडी थांबवून विचारलं, "काका, हे काय चाललंय?" त्याने सांगितलं. तिने मान हलवली. "पकडले गेलात तर मी तुम्हाला ओळखत नाही." ग्रुपवर लॉरीने लिहिलं की हल्ली टपालवाला दिवसातून दोनदा येतो, सेवा सुधारली. त्यातला एक सव्वीस वर्षांची बाई आहे, हे दोनशे बारा दक्ष शेजाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.


हेदरस्टोन – दक्ष शेजारी

मार्सी: तो इसम तीन आठवड्यांत दिसलेला नाही. आपल्या दक्षतेचं यश.

ब्रॅड: अभिनंदन सगळ्यांचं.

मार्सी: आता दुसरा विषय. १७ नंबरकडे दर मंगळवारी गाडी भरून माणसं येतात, पाला उडवायच्या यंत्राचा आवाज असह्य. कोण, कुठून आलेत, काही विचारायला नको? परदेशी लोकांबद्दल कळवायच्या त्या सरकारी नंबरवर मी फोन केला. वसाहतीत येणाऱ्या सगळ्या बागकामाच्या गाड्यांचे नंबर पाठवा म्हणाले. फाटकावरच्या कॅमेऱ्यातून काढून पाठवले.

लॉरी: सगळ्या? तुमचा विल्मर?

मार्सी: विल्मरचं वेगळं आहे. विल्मर आपला आहे. त्याच्यासारखं कुंपण या गावात कुणी कापत नाही.


शेरा: घेण्यास नकार

गुरुवार, आठ सत्तेचाळीस.

बारा नंबरसमोर एक मोठी काळी गाडी उभी होती. काचा काळ्या, पुढे नंबरपाटी नाही. आत दोन माणसं, नाकावर फडकी ओढलेली, अंगात जाड जाकिटं. लॉरी कुत्रं घेऊन तिच्या शेजारून गेली आणि तिने आत हात केला. ब्रॅड धावत गेला. फडकी बांधलेली दोन अनोळखी माणसं अर्धा तास एका बाईच्या घरावर डोळा ठेवून बसली होती, आणि ग्रुपवर एक अक्षर नव्हतं. त्यांनी स्वेटशर्ट घातले नव्हते.

काच खाली आली.

"ए मित्रा. टपालवाला. गुरुवारी इथे माळी येतो ना? आर्गेता. किती वाजता?"

थॅडियस थांबला. अंगातल्या निळ्या शर्टामुळे तो त्यांचा झाला होता. सरकारी माणूस सरकारी माणसाला विचारत होता.

"या रस्त्यावर आर्गेता नावाचं टपाल येत नाही, साहेब."

"टपाल नाही विचारलं. माणूस विचारला."

"मी टपाल वाटतो. माणसं माझ्याकडे नसतात."

काच वर गेली. थॅडियस त्याच चालीने पुढे निघाला. घाई केली तर कळलं असतं. वळणापुढे गेल्यावर त्याने विल्मरला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. विल्मर नऊला यायचा, म्हणजे आठ एकोणसाठला. वसाहतीला दोन फाटकं, दोन्हींत मैलभर अंतर, आणि तो कधी या फाटकाने यायचा कधी त्या. एका फाटकावर उभं राहून दुसऱ्यावरची गाडी थांबवता येत नाही.

त्याने जे केलं त्याची कल्पना त्याला कुठून आली? टपालवाल्याचं डोकं वेळांनी भरलेलं असतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी नऊ नंबरच्या गॅरेजला आग लागली तेव्हा बंब यायला अकरा मिनिटं लागली होती. सात नंबरच्या म्हातारीला झटका आला तेव्हा रुग्णवाहिका चौदाव्या मिनिटाला आली. आणि तो स्वतः करड्या स्वेटशर्टात रस्त्यावर उतरला तेव्हा पोलीस तीनही वेळा चार मिनिटांत आले होते, दिवे लावून, भोंगा वाजवत. हेदरस्टोनमध्ये एवढ्या जलद वाजणारी दुसरी घंटा नव्हती.

तो घरी शिरला आणि जिन्यातच शर्टाची बटणं काढू लागला.

"आता कुठे?" व्हर्लीनने विचारलं.

"चालायला."

"असा?" त्याच्या हातात स्वेटशर्ट होता.

त्याने तीन वाक्यांत सांगितलं. तिने ऐकलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्या छातीकडे, जिथे दोन स्प्रिंगा होत्या.

"दुसरं काही सुचत नाही?"

"तुला सुचतंय?"

तिने सुस्कारा टाकला, पुढे झाली आणि स्वेटशर्टची टोपी त्याच्या डोक्यावर ओढली. "अर्धवट काम करू नकोस. पाकीट बाहेरच्या खिशात. हात बाहेर. मी खिडकीतून फोनवर सगळं टिपतेय."


शेरा: पोच

८.५४. बारा नंबरसमोर, अझेलियाच्या फुलांच्या वाफ्यापाशी तो उभा राहिला. नुसता. काळ्या गाडीतल्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांना दुसऱ्या जातीचा माणूस हवा होता. प्रत्येक खात्याचा आपापला काळा आणि आपापला सावळा ठरलेला असतो. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही.

८.५५. वरच्या मजल्यावर पडदा हलला.

मार्सी: तो परत आलाय.

ब्रॅड: कुठे?

मार्सी: माझ्या दारात. टोपी वर आहे.

लॉरी: अगं बाई.

ब्रॅड: फोन केला.

सात नंबर: मीही केला.

सतरा नंबर: मीही.

८.५६. थॅडियसचं काळीज कानात वाजत होतं. त्याने पाकळ्या मोजायला घेतल्या. या बाईला त्याने काय काय आणून दिलं होतं. लग्नाच्या पत्रिका. दोन बाळंतविड्यांची पार्सलं. घटस्फोटाचे कागद, सही घेऊन. आणि सहा वर्षांपूर्वी मोठा मुलगा नशेपायी आठ महिने एका व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा दर सोमवारी त्याचं पत्र यायचं. बाई पेटीपाशी उभ्या असायच्या आणि थॅडियस जाहिरातींच्या गठ्ठ्यातून ते एक पाकीट आधी काढून हातात द्यायचा. त्या काही बोलायच्या नाहीत. तोही नाही.

८.५७. दूरवर भोंगा.

८.५८. दोन गाड्या, दोन्ही बाजूंनी. निळे दिवे सगळ्या खिडक्यांच्या काचांवर फिरले. थॅडियसने हात वर घेतले, बोटं पसरली, आणि ऑफिसर टिल्मनच्या खांद्यावरून त्याने मोठ्या रस्त्याचा चढ बघितला. चढावर विल्मरची पांढरी गाडी आली. मागच्या खटाऱ्यावर गवत कापायचं यंत्र. ती क्षणभर मंदावली. मग वळायचा दिवा विझला आणि गाडी सरळ निघून गेली, जणू तिला इथे कधी वळायचंच नव्हतं.

थॅडियस आपणहून फुटपाथच्या कडेवर बसला. जागा ओळखीची होती.

"सर. पुन्हा तुम्ही," टिल्मन म्हणाला.

"पुन्हा तूच."

काळ्या गाडीतला एक जण फडकं सावरत आला. "कुणी बोलावलं तुम्हाला? सगळी सकाळ नासवलीत."

"इथल्या लोकांनी. पाच फोन आले," टिल्मन म्हणाला. "तुम्ही कोण?"

"आम्ही कोण ते सांगायचं नसतं."

"मग नंबरपाटी नसलेली गाडी इथे का उभी आहे?"

थॅडियसच्या डोक्यावर दोन सरकारं पाच मिनिटं भांडली. खाली बसलेल्या माणसाचं काय करायचं, याबद्दल दोघांचं एकमत होतं. त्याने बसून राहायचं. शेवटी काळी गाडी निघून गेली. तोपर्यंत मार्सीबाई बाहेर आल्या होत्या, हातात मग.

"मॅडम, या माणसाला ओळखता?"

त्या अगदी जवळ आल्या. तीन फुटांवरून त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट, मन लावून पाहिलं. थॅडियसने टोपी मागे केली. दर सोमवारी ते दोघं याहून जवळ उभे असायचे. एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं, मुलाच्या नावासकट. ते त्याने गिळलं. दुसऱ्याची पत्रं रस्त्यात उघडायची नसतात. शर्ट उतरवला म्हणून ते बदलत नाही.

"नाही," मार्सीबाई म्हणाल्या. "आयुष्यात पाहिलेला नाही."

"मी एक्केचाळीसमध्ये राहतो, मॅडम," थॅडियस म्हणाला.

"एक्केचाळीसमध्ये गेन्स राहतात," त्या टिल्मनला म्हणाल्या. "चांगली माणसं आहेत. आमच्या टपालवाल्यानेच सांगितलंय."

टिल्मनने पाकिटातलं लायसन्स काढलं. वाचलं. पत्ता त्याने मागच्या वेळीच तपासला होता. मग ते त्याने मार्सीबाईंच्या पुढे धरलं. त्यांनी फोटो बघितला, समोरचा माणूस बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी आत एक दिवा लागायला लागला. तो पुरता लागू नये म्हणून त्यांनी घाईने मग तोंडाला लावला.

"मग आधीच सांगायचं नाही का," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "नऊ वाजून गेले. आज माळी कुठे राहिला?"

त्या आत गेल्या.

थॅडियस गुडघ्यावर हात टेकून उठला. "मी जाऊ?"

"घरी जा, सर."

"घरी नाही. दोन मैल व्हायचेत."

टिल्मनने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. प्रत्येक खिडकीत एक फोन होता. "तुम्ही पुढच्या वळणावर गेलात की हे परत आम्हाला बोलावतील."

"बोलावतील."

"आणि मला परत यावं लागेल."

"तुझी नोकरी आहे."

पोरगा थोडा वेळ बुटाकडे बघत राहिला. मग गाडीत बसला, दिवा चालूच ठेवला आणि थॅडियसच्या मागे पाच पावलांवर, माणसाच्या चालीने गाडी सोडली. "तुमच्या सुरक्षिततेसाठी, सर," खिडकीतून तो म्हणाला. आपल्या बोलण्यावर त्याचाही फारसा विश्वास दिसला नाही.

अशी वरात निघाली. पुढे करड्या स्वेटशर्टातला माणूस, मागे निळा दिवा. एक्केचाळीसवरून जाताना व्हर्लीन सपातांवरच बाहेर आली आणि नवऱ्याच्या बाजूने चालू लागली.

"गेला?" तिने हळूच विचारलं.

"सरळ गेला. थांबलासुद्धा नाही."

तिने त्याच्या दंडात हात घातला. "ठोके कसे पडतायत?"

"जोरात."

"पडू देत."

लोक दारात आले. ब्रॅडने हात केला, लॉरीने केला, सतरा नंबरने तर टाळ्या वाजवल्या. सगळं मागच्या गाडीकडे बघून. पोलीस त्याला बाहेर नेऊन सोडताहेत, असं ग्रुपवर पडलं. तळ्याला वळसा घालून वरात परत आली तेव्हा ग्रुप जरा गोंधळला. मागच्या चढाने ती पुन्हा स्वीटगम लेनला लागली तेव्हा कुणी काही लिहिलंच नाही.

दुसऱ्या मैलाशी टिल्मनने काच खाली केली. "सर, हे उद्याही आहे का?"

"रोज आहे. बायकोही येईल," थॅडियस म्हणाला. तिने नकार दिला नाही.

"किती वाजता?"

"साडेसातला. आणि उशीर करू नकोस. मी कुणासाठी थांबत नाही."